भाताने चिकटवलेले बारा लिफाफे

आज सकाळी बाल्कनीचं दार उघडलं तर कांद्यांवर धुळीचा थर बसलेला. म्हणजे सरायात आली. कुवेतमध्ये वसंत असतो की नसतो यावर आमच्या घरात जुना वाद आहे, पण थंडी आणि भट्टी यांच्या मधल्या या थोड्या आठवड्यांना इथले लोक सरायात म्हणतात. सकाळी आभाळ स्वच्छ असतं. दुपारी एकाएकी तांबूस अंधार होतो, मग वारा, मग धूळ, आणि धुळीच्या मागोमाग दहा मिनिटांचा पाऊस, जो गाड्या धुवायच्या सोडून त्यांच्यावर चिखल शिंपडून जातो. मंगफमधल्या आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, या दिवसांत कुणाशी धड बोलत नाही. जिना झाडून होतो न होतो तोच पुन्हा झाडायची वेळ आलेली असते.

कांदे ज्यात ठेवलेत ती पत्र्याची पेटी आहे, राखाडी रंगाची, गुडघ्याएवढी. तिच्या झाकणाला वीतभर लांब आणि बोटभर रुंद अशी फट आहे. धूळ तिथूनच आत जाते. घरी पहिल्यांदा येणारी माणसं विचारतात, कांद्याच्या पेटीला फट कशाला? हवा खेळायला, असं मी सांगते. खरं म्हणजे ती मतपेटी आहे, आणि एका सरायातीत तिच्यापायी मी स्वतःच्या नवऱ्याचं मत बाद केलं होतं.

आमच्या मराठी मंडळाची निवडणूक दरवर्षी याच दिवसांत येते. मंडळ लहान, पण निवडणुकीचा थाट बघाल तर दिल्लीची गादी रिकामी आहे असं वाटावं. अडचण एकच असायची. याच दिवसांत शुऐबाच्या कारखान्यांत शटडाऊन निघतं. सगळी यंत्रं थांबवून एकदम दुरुस्ती काढतात, आणि फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन सगळ्यांच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या लागतात. शुक्रवारचीही सुट्टी नाही. मंडळाची सभा मात्र शुक्रवारीच, कारण बँकवाल्यांना आणि कंपनीतल्या साहेबांना तोच दिवस मोकळा. मग कामावर असलेले सभासद चिठ्ठी लिहून द्यायचे, माझ्या वतीने अमुक यांनी मत द्यावं. एका वर्षी एका सज्जन गृहस्थांनी भर सभेत कोटाच्या खिशातून अशा एकोणीस चिठ्ठ्या काढल्या आणि अख्खी समिती बदलून टाकली. त्यावरून जी काही जुंपली, तिचा धुरळा सरायातीला लाजवेल असा होता.

त्यानंतरच्या वर्षी मला निवडणूक अधिकारी केलं. उमेदवारांत माझं कुणी नातेवाईक नव्हतं, आणि बँकेत दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढण्याचाच मी पगार घेते, एवढ्या दोन गोष्टींवर माझी निवड झाली. मी पदर खोचून कामाला लागले. चिठ्ठ्या बंद केल्या. येऊ न शकणाऱ्या सभासदांना, माझ्या कागदाच्या भाषेत ‘गैरहजर’ सभासदांना, मतपत्रिका आधी पोचवायची, तीही दोन लिफाफ्यांसकट. खूण केलेली मतपत्रिका आतल्या कोऱ्या लिफाफ्यात. तो लिफाफा बाहेरच्यात, आणि बाहेरच्यावर नाव, सभासद क्रमांक आणि स्वतःच्या हातची सही. ही सही आपल्याकडच्या अर्जावरच्या सहीशी ताडून बघायची, मगच आतला लिफाफा ढिगात जाणार. पेट्या दोन, एक मंगफला आमच्याच इमारतीत हारिसच्या खोलीबाहेर, दुसरी अब्बासियात, जिथे आमचे बरेच कामगार सभासद खोल्या करून राहतात, एका केरळी माणसाच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात. गुरुवारी संध्याकाळी पाचला पेट्या बंद. प्रत्येक पेटीला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन माणसांकडे. मला हे सगळं इतकं आवडत होतं की मी नियमांचा कागद तीन वेळा टाईप केला, दर वेळी एक नियम वाढवून.

माझी लेक इरा तेव्हा आठवीत होती. ती म्हणाली, "आई, जस्ट यूज अ गूगल फॉर्म ना." मी तिला म्हटलं, तुला लोकशाहीतलं काही कळत नाही. पुढे दोनच वर्षांनी मंडळाने तेच केलं, ते सोडा.

सगळ्यांत जास्त विचार मी सहाव्या नियमावर केला होता. गठ्ठ्याने चिठ्ठ्या गोळा करणारे पुन्हा उगवायला नकोत म्हणून मी लिहिलं की सभासदाने पेटीत स्वतःचा आणि आपल्या घरातल्या माणसांचाच लिफाफा टाकावा, दुसऱ्या कुणाचा नाही. आणि पेटीला सुतळीने एक वही बांधायची. टाकणाऱ्याने तिच्यात आपलं नाव लिहायचं, लिफाफा कुणाचा ते लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात नातं. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे अर्थातच मंगफची घरं होती. नवरा, बायको, फार तर सासरे.

पेट्या बनवल्या दत्ताराम मेस्त्रींनी. कुडाळकडचे, पत्र्याच्या आणि पायपाच्या कामातले जुने कारागीर, छत्तीस वर्षं आखातात. मंडळाच्या गणपतीची आरास उभी करायला ते यायचे, आरती झाली की कुणाच्या लक्षात येण्याआधी निघून जायचे. एका ओळखीच्या गॅरेजात त्यांनी दोन्ही पेट्या जोडल्या आणि माझ्या दारात आणून ठेवल्या.

"घाला हात," ते म्हणाले. "घाला, घाला. कोपरापत्तूर गेलो तर माका सांगा."

मी बोटं घातली. फटीच्या आत तिरका पत्रा होता, बोटं तिथेच अडली.

"जात नाही, काका."

"जावचोच नाय. आतसून जीभ सोडलंय." मग त्यांनी रुमालाने झाकण पुसलं. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "मॅडम, ह्येच्यात माजा पण मत पडतला?"

"तुम्ही यंदा सभासद झालात ना? मग पडेल की."

"माका छप्पन वर्सा झाली. अजून खयच मत घालूक गावला नाय. गावाक इलेक्शन लागला की मी हय. मी गावाक गेलंय की इलेक्शन होवन गेलला. मगे यादीतसून नावच काडल्यानी. म्हणाले, हो माणूस हय रवना नाय." ते हसले. "खोटा नाय ता."

त्यांचा करार त्याच महिन्यात संपत होता. कागद झाले की पंधरा दिवसांत कायमचे गावी. म्हणजे हे पहिलं मत, आणि इथलं शेवटचंही. मी म्हटलं, काका, तुमची पेटी आहे, तुमचं मत पहिलं. बोलून गेले आणि विसरले. आपण अशी वाक्यं किती सहज टाकतो याची मला आता लाज वाटते.

त्या दिवसांतलं काय काय आठवतं. पहाटे मंगफच्या रस्त्याने शुऐबाकडे जाणाऱ्या बसगाड्या, काचांना टेकून झोपलेली डोकी. दुपारी बँकेच्या खिडकीतून दिसणारं भगवं आभाळ आणि त्यात दिवे लावून सरकणाऱ्या गाड्या. दातांखाली सतत येणारी कचकच, कितीही चुळा भरा. थंडीचे स्वेटर धुवून घडी करून ठेवायचे, आणि घडी करतानाच त्यांवर पुन्हा धूळ. इराच्या शाळेचं नवं वर्ष, पुस्तकांना कव्हरं घालायची रात्र. आणि या सगळ्यात डायनिंग टेबलावर पसरलेले माझे लिफाफे, उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेला खलबत्ता.

त्याच टेबलावर एका संध्याकाळी माझा नवरा अभय क्रिकेट बघत बसला होता. त्याला शुक्रवारी ड्युटी लागण्याची शक्यता होती, म्हणून त्याचीही मतपत्रिका आली होती. ती त्याच्यापुढे ठेवली तर म्हणाला, "कुणाला करू?"

"तू ठरव."

"मला कोण माहितीय त्यात? तूच कर ना खूण. आणि सहीही मार. माझी सही तुला माझ्यापेक्षा छान जमते."

हे खरंच होतं. शाळेची प्रगतिपुस्तकं, सोसायटीचे अर्ज, कुरियरवाल्याची पावती, वर्षानुवर्षं त्याची सही मीच करत आलेय. मी खूण केली, सही केली, गोंद लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना खालच्या पेटीत टाकून वहीत लिहिलं: अभय, नातं पती. नियम लिहिणारी मी, सह्या ताडून बघणारी मी, आणि माझ्या मनात तेव्हा एक पालसुद्धा चुकचुकली नाही.

गुरुवारी पाचला मी आणि मंडळाचे अध्यक्ष नाडकर्णी साहेब अब्बासियाच्या बकाल्यात पोचलो. बाहेर धूळ उठली होती, दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं होतं. नाडकर्णी साहेब तसे चांगले गृहस्थ. हिशेबतपासणीतले, शब्दाला पक्के, आणि त्या एकोणीस चिठ्ठ्यांनी पोळलेले. दोन किल्ल्या लावून आम्ही पेटी उघडली आणि लिफाफे वहीशी जुळवू लागलो. सुरुवातीच्या पानावर सगळं ठीक होतं. पुढच्या पानावर एकाच अक्षरात बारा ओळी होत्या. टाकणारा दत्ताराम मेस्त्री. पहिली ओळ स्वतःची. खाली अकरा नावं, आणि नात्याच्या रकान्यात अकराही वेळा न कंटाळता लिहिलेलं, घरचो, घरचो, घरचो.

नाडकर्णी साहेबांनी चष्मा काढला. "बघा. अकरा माणसं एका घरातली? आडनावं तरी बघा. सावंत, राणे, कांबळी, परब. हा गठ्ठाच आहे, बाई. गेल्या वर्षीचा कोट गेला, यंदा शर्ट आला."

"ते मेस्त्रीकाका आहेत. त्यांनी पेटी बनवलीय."

"म्हणून तर. आणि हे बघा." त्यांनी एक लिफाफा उजेडात धरला. तोंडाशी कागद उंचसखल होता, कडेला काहीतरी पांढरं वाळलेलं. बाराही लिफाफे तसेच. "उघडून पुन्हा चिकटवलेत हे. काय भरवसा? त्यांच्या खोलीतला तो मोहन उभा आहे ना यंदा?"

मोहन राणे, इलेक्ट्रिशियन, एकट्याने राहणाऱ्या कामगारांतून मंडळाच्या समितीसाठी उभा राहिलेला पहिलाच माणूस. नियम माझा होता आणि तो अगदी स्पष्ट होता. नाडकर्णी साहेबही तेच म्हणाले, "नियम तुमचाच आहे. उद्या हे बारा बाजूला ठेवायचे." मी मान हलवली. मनातून मला काकांचा राग आला होता. वहीत लिहिलं नसतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. बेरकीपणा करायचा तर नीट तरी करायचा, असंही वाटून गेलं. घरी आल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. बेरकी माणूस अकरा वेळा खरं कशाला लिहील?

शुक्रवारी सकाळी मी एकटीच अब्बासियाला काकांच्या खोलीवर गेले. तिसरा मजला, दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग, त्यांतले निम्मे धुळीने पांढरे. दार काकांनी उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम? लिफाफे चुकले?" आणि लगेच आवाज खाली आणून, "जरा हळू बोला. रातपाळयेची पोरा निजलीहत. आत येवा. पयली च्या घेवा."

मला स्वयंपाकघरात बसवलं, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती. दोन खोल्यांत दुमजली खाटा, त्यांवर तोंडावर पांघरूण घेतलेली माणसं. करार संपल्यामुळे काका घरी होते, म्हणून या आठवड्याचा स्वयंपाक त्यांनी अंगावर घेतला होता. एका शेगडीवर मोठ्या पातेल्यात भात, दुसरीवर कुळथाची पिठी रटरटत होती. फ्रीजच्या दारावर रांधायच्या पाळ्यांचा कागद. फळीवर डबे, प्रत्येकाच्या कडीला वेगळ्या रंगाची दोरी. माझं लक्ष गेलेलं बघून ते म्हणाले, "तांबडी दोरी नरेशाची. त्येका तिखाट चलना नाय, म्हणान येगळा काडतंय."

मी विषयाला आले. "काका, बारा लिफाफे तुम्ही एकट्याने टाकलेत. नियमात फक्त घरातल्यांचेच म्हटलं होतं."

"होय. घरातलेच टाकलंय." त्यांना माझी अडचणच समजेना. "भायरचो येक पण नाय. खालच्या मजल्यावरच्यांनी सांगल्यानी, आमचे पण न्हेवा. मिया म्हटलंय, नाय ओ, नियमात बसना नाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. हा माणूस माझा सहावा नियम पाळून आला होता. खालच्या मजल्यावरच्या ओळखीच्या माणसांना नाही म्हणून आला होता.

"पण काका, घरातले म्हणजे… नात्यातले."

त्यांनी पिठी ढवळली. "गेल्या साली रवी कांबळ्याचो बापूस गेलो. रवीक जावक गावला नाय, असोच शटडाऊन होतो. पण ह्या रूमान सुतक पाळल्यान. बारा दिवस कोणी गोडाधोडाक हात लावल्यान नाय, देवाक फूल नाय. बाराव्याक गच्चीर पान ठेवला. हय कावळो खय मिळतलो? पारवो इलो. म्हटला, चललो." त्यांनी गॅस बारीक केला. "तो घरचो नाय तर कोण ओ?"

माझ्या सख्ख्या चुलत दिराचं सुतक मी बँकेत केक कापून पाळलं होतं.

मग मी भीतभीतच विचारलं, मतपत्रिका कुणी भरल्या? काकांना ते जरा लागलं. "ज्येच्या त्येणा. चार नंबराक लिवलला असा, मत गुप्त रवाक व्हया. म्हणान एकेकट्याक ह्या रांदपाच्या खोलयेत धाडलंय आणि दार लावन घेवक सांगलंय. मोहन सोता उभो, म्हणान त्येका सांगलंय, तू भायर जिन्यार जावन बस, सगळ्यांचा होयपत्तूर येव नको." मग म्हणाले, "माजी खूण चुकात म्हणान मी आदी दुसऱ्या कागदार करून बघलंय. चार वेळा."

"आणि लिफाफे? ते उघडून पुन्हा चिकटवलेत असं…"

"गोंद सुकललो. ह्या हवेत चिकटना नाय. मगे शिता लायली." त्यांनी पातेल्याचं झाकण उचलून दाखवलं, जणू मला भात म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. बाराही लिफाफे या एका पातेल्यातल्या भाताने चिकटवलेले होते, आणि मी आणि नाडकर्णी साहेब काल ते उजेडात धरून चोरी शोधत होतो.

निघताना त्यांनी दारात विचारलं, "मॅडम, बाकीच्यांचा काय ता बघा. पण माजा तरी मोजतले मा? मी सोता टाकलंय."

मी बघते म्हणाले. गाडीत बसल्यावर मला रडू आलं, आणि ते त्यांच्यासाठी होतं असं मी काही म्हणणार नाही. सिग्नलला थांबले असताना मला आमचं डायनिंग टेबल दिसलं, क्रिकेट दिसलं, माझ्या हातातलं पेन दिसलं. अब्बासियात बारा माणसांनी दोन खोल्यांच्या घरात आडोसा शोधून एकेकट्याने मत दिलं. मंगफच्या तीन खोल्यांत, जिथे आडोसाच आडोसा आहे, तिथे दोन मतं एका हाताने पडली, आणि वहीत ‘पती’ लिहिलेलं म्हणून त्यावर कुणी बोट ठेवणार नव्हतं.

दुपारी चारला हॉलमध्ये सभा सुरू झाली. मेस्त्रीकाका इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या भिंतीला टेकून उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभेच. नाडकर्णी साहेबांनी बारा लिफाफ्यांवर रीतसर हरकत घेतली. मी उठले. कागद टेबलावर ठेवला. म्हटलं, सहावा नियम मी लिहिलाय, त्यामुळे त्याचा अर्थ सांगायची जबाबदारीही माझीच. मी आज सकाळी त्या घरी जाऊन आले. एका पातेल्यातलं जेवतात, एकमेकांचं सुतक पाळतात. ते घर आहे. सह्या सगळ्या ताडल्या, सगळ्या जुळल्या. हे बारा लिफाफे मी वैध धरते.

कुजबुज सुरू झाली. मी बसले नाही, कारण बसले असते तर पुन्हा उठायचं धाडस झालं नसतं.

"एक लिफाफा मात्र बाद करते आहे," मी म्हटलं. "मंगफच्या पेटीतला. सही सभासदाची नाही. सभासद माझे पती आहेत, आणि सही माझी आहे. खूणही माझीच आहे."

अभयची ड्युटी ऐन वेळी टळली होती, तो तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याने खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करायला घेतला आणि बराच वेळ तो पट्टा काही नीट होईना. मी म्हटलं, यानंतर मला या कामातून काढायचं तर काढा. नाडकर्णी साहेबांनी चष्मा लावला, वही पुढे ओढली, माझ्या घरच्या लिफाफ्याची नोंद लिहिली आणि न बघताच म्हणाले, "चला, ते बारा उघडा. उशीर होतोय."

शितं चांगली घट्ट धरली होती. लिफाफे फाडावे लागले. आतले कोरे लिफाफे ढिगात मिसळले तेव्हा काका हळूच पुढे येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"ह्यातला माजा खयचा?"

"आता नाही कळणार, काका. कळू नये म्हणूनच दोन लिफाफे."

"माका पण नाय?"

"तुम्हालाही नाही."

त्यांनी मान हलवली, आणि मोजणी संपेपर्यंत त्या ढिगावरची नजर काढली नाही. मोहन पडला. थोडाथोडका नाही, चांगला पडला. बारा काय, आणखी बारा असती तरी पडलाच असता. एवढं करून निकालात काडीचा फरक पडला नाही हे मला फार लागलं. काकांजवळ जाऊन मी म्हटलं, वाईट झालं.

"पडांदे," ते म्हणाले. "आमचे मोजलात मा?"

"मोजले."

"बारा पण?"

"बाराही."

"मगे झाला तर, वयनी." तोवर मी त्यांची मॅडम होते.

घरी येताना अभय गाडीत बोलला नाही. जेवतानाही नाही. माझी भर सभेत शोभा केलीस, असं तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, माझीही केली. आमचा हा अबोला आठवडाभर टिकला. त्या आठवड्यात इराच्या शाळेचा एक कागद सहीसाठी आला. मी तो त्याच्यापुढे ठेवला, पेन ठेवलं आणि आत गेले. त्याने सही केली. इतक्या वर्षांनी त्याची सही त्याच्या हातची बघितली. माझ्यापेक्षा वाईटच होती.

काका गावी गेले, जाताना अब्बासियाची पेटी माझ्याकडे सोडून. पुढे मंडळाने मोबाईलवर लिंक आणली, आणि पेटीत कांदे आले. मी मात्र दर सरायातीला त्या शब्दापाशी थोडी थांबते, गैरहजर. कुवेतमधला प्रत्येक मराठी माणूस कुठल्या ना कुठल्या यादीत गैरहजर असतो. गावच्या मतदारयादीत, भावाच्या लग्नाच्या फोटोत, आईच्या शेवटच्या दिवसांत. तिथली माणसं म्हणतात, हा इथे राहत नाही. इथली माणसं म्हणतात, हा इथला नाही. मधल्यामध्ये एखादी पत्र्याची पेटी असते, तिच्यात कुणी आपलं असणं टाकून जातो आणि मोजलंत ना, एवढंच विचारतो.

आज धूळ पुसता पुसता काकांना फोन लावला.

"वयनीनू, थय धूळ इली काय?"

"आली. तुमच्या पेटीत शिरली."

"शिरतलीच. फट माणसाच्या हाताक अडवता, धुळीक नाय." मग आनंदाने म्हणाले, "नाव इला यादीत. दोनदा अर्ज केलंय. पयल्या टायमाक म्हणाले, हय रवतास ह्येचो पुरावो देवा. मिया म्हटलंय, चुलीर पेज ठेवललंय, येवन बघा." आता निवडणूक कधी लागते याची ते वाट बघताहेत. कुठली का असेना, म्हणाले.

फोन ठेवला तेवढ्यात अभय मोबाईल घेऊन बाल्कनीत आला. "मेधा, मंडळाची लिंक आलीय." आणि सवयीने, स्वतःच्याही लक्षात न येता, "कुणाला दे…"

तो थांबला. मी कांदे पेटीतून काढून परातीत ठेवत होते.

"स्वयंपाकघर रिकामं आहे," मी म्हटलं. "दार लावून घे."

त्याने पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मोबाईल घेऊन आत गेला. दार लागल्याचा आवाज आला. मी चपला घातल्या आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसले. खालून झाडत येणारा हारिस मला बघून थांबला. मोडक्या हिंदीत त्याने विचारलं, मॅडम इथे का बसल्यात, घरात काही झालंय का?

"कुछ नहीं," मी म्हटलं. "अंदर वोटिंग चालू है."